दुसऱ्या माणसाची खाच

१

शनिवारी सकाळी आठला सगुण गवस आपल्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या दगडी बाकांच्या ओसरीत, टेबल मांडून बसला की वाड्यावर कुणाला कॅलेंडर बघावं लागत नसे. टेबलावर जुनी हिरवी चादर, तिच्यावर सोनाराकडचा लहान तराजू, भिंग, लोहचुंबक आणि उजव्या हाताशी एक त्रिकोणी कानस. गोव्यातल्या पेडण्याच्या अलीकडच्या या वाड्यात, या छोट्याशा वस्तीत, दुसरा असा दवाखाना नव्हता. इथे येणारे रोगी पितळेचे असत.

सगुण पंधरा वर्षं नौदलात होता. विमानांच्या तोफांत काडतुसं भरायची, काढायची, तपासायची, हे त्याचं काम. वीतभर लांबीचं ते काडतूस, खाली पितळी नळी, वर लोखंडी टोक. लोक त्याला सरळ गोळा म्हणत. असे गोळे या भागात अधूनमधून जमिनीतून निघत. काही गोवामुक्तीच्या वेळचे, काही समुद्रावर सराव करणाऱ्या विमानांचे, काही निवृत्त शिपायांनी आठवण म्हणून ट्रंकेतून आणलेले. म्हापशाच्या बाजारात कृष्णनाथचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं, तिथे हौशी लोक ते कपाटात मांडायला घेऊन जात. पण कृष्णनाथ शहाणा होता. सगुणची खूण असल्याशिवाय तो गोळ्याला हात लावत नसे.

खूण म्हणजे बुडाच्या कडेवर कानशीनं पाडलेली बारीक खाच. रंग का नाही? तर रंगाचं एकदा करून झालं होतं. गोळा घरी गेला की बायका तो देवाच्या भांड्यांबरोबर बिमलीचं आंबट फळ लावून घासत आणि रंग धुऊन जाई. खाच बिमलीला दाद देत नाही.

तो आधी बुडावरचे आकडे वाचायचा. मग बुडाची टोपी, म्हणजे ठोक्यानं दारू पेटवणारी चकती, बघायचा; तिच्यावर ठोका पडून खळगा झालाय, म्हणजे ती आधीच उडालीय की नाही ते. मग नळीला मुद्दाम पाडलेली भोकं आहेत का, मग वजन. आणि शेवटी एकच शब्द बोलायचा. दारू नसेल तर "मेलो". असेल तर "जितो", आणि मग सगळ्यांना लांब उभं करून पोलिसांना निरोप. असेल, नसेल, बहुतेक, हे शब्द त्या टेबलावर चालत नसत. तसले शब्द त्या वर्षी पुढाऱ्यांकडे मुबलक होते. कोंकणी राजभाषा झाली, आता गोव्याचं वेगळं राज्य होणार, झाल्यावर नळाला पाणी येणार की नाही, यावर चहाच्या टपरीवर रोज बहुतेक चालायचं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी जयराम आला. हा बांद्याकडचा, डिचोलीतल्या पाळीच्या खाणीवर ट्रक चालवणारा. त्यानं फडक्यातून मातीनं लडबडलेला गोळा काढला.

"मशीनीच्या दातात गावलो," तो म्हणाला. "चाळीस फूट खाली. ह्याच्यार कोणी हात लावलेलो नाय, माती पण कोरी होती."

सगुणनं ओल्या ब्रशानं लाल माती काढली. नळीला दोन भोकं होती, टोपीवर खळगा होता, वजन हलकं. सरावाचा गोळा, निरुपद्रवी.

"मेलो," तो म्हणाला आणि कानस उचलली. मग ती तशीच हातात राहिली.

कडेवर खाच आधीच होती.

२

पहिल्यांदा त्याला वाटलं, मशीनचा दात लागला असेल. त्यानं भिंग धरलं. दाताचा ओरखडा असा नसतो. ही कानशीची खाच होती, तीनदा ओढून पाडलेली, तळाशी स्वच्छ. आणि ती डावीकडे झुकलेली होती.

उजव्या हातानं कानस ओढली की खाच एका अंगाला कलते, डाव्या हातानं ओढली की दुसऱ्या. चिरलेल्या भाजीवरून घरातली बाई आज कोण चिरायला बसलं होतं ते ओळखते, त्यातलंच हे. सगुण उजव्या हाताचा. डाव्या हातानं गोळ्यावर खाच पाडणारा माणूस त्यानं आयुष्यात एकच पाहिला होता, आणि तो जाऊन तेरा वर्षं झाली होती.

विठू त्याच्याच वाड्यावरचा. मुक्तीनंतर दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच शाळेत काम शिकले आणि दूर दक्षिणेकडच्या एका तळावर एकाच शेडमध्ये जोडीनं लागले. ते काम जोडीचंच असतं. एकानं बघायचं आणि निकाल सांगायचा. दुसऱ्यानं तो निकाल विसरून स्वतः बघायचं, गोळ्याला न शिवता, हात गुडघ्यांवर, मान कलती करून. त्याला पटलं तरच त्यानं खाच पाडायची. खूण नेहमी दुसऱ्या माणसाची. नियम चांगला होता. फक्त नियम करणाऱ्याला मैत्री ठाऊक नव्हती. वर्षं गेली तसा विठू बघेनासा झाला. सगुणनं मेलो म्हटलं की तो कानस ओढायचा, तीनदा, आणि चुरा फुंकून टाकायचा. "तुवें पळयलां न्ही? मागीर जालें," म्हणायचा, म्हणजे सगुणनं पाहिलं की झालं.

"काय झाला, सगुणबाबा?" जयरामनं विचारलं.

"कांय ना. हो हांगाच आसूं दी."

सगुणनं आपली खाच पाडली नाही. गोळा आत नेऊन काचेच्या कपाटात ठेवला, त्याच्या संग्रहातल्या अकरा गोळ्यांशेजारी. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला एका ओरखड्यानं घाबरणं शोभत नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. सांगावं लागलं, हे त्याला आवडलं नाही.

३

पुढच्या शनिवारी मोप्याच्या पठारावरून गोपाळ आला. हा तिथे गुरं चारायचा आणि काजूच्या दिवसांत बोंडं गोळा करायचा. त्याच्या हातात झाडाच्या मुळांचा एक गड्डा होता.

"काजूचें झाड उन्मळून पडलें," तो म्हणाला. "मुळांत हें आशिल्लें. झाड म्हज्या आज्यान लायिल्लें."

मुळानं गोळ्याला आवळून धरलं होतं. बूडही लाकडात पुरतं बुडालेलं. आजोबांनी लावलेलं झाड, म्हणजे मूळ वाढून गोळ्याभोवती बंद व्हायला कितीतरी वर्षं गेली असणार. सगुणनं कोयतीनं ते हळूहळू सोलून काढलं. अर्धा तास लागला. गोपाळ बिडी ओढत बसला होता.

गोळा मेलेलाच होता. टोपीची जागा रिकामी, नळी पोकळ. सगुणनं बुडाची कडा अंगठ्यानं पुसली आणि खाच त्याच्या बोटाला लागली.

डावीकडे झुकलेली. भिंगातून पाहिलं तर खाचेच्या आत पितळ नव्या अंगठीसारखं चकचकत होतं. बाकी सगळा गोळा काळा-हिरवा पडलेला आणि खाच आजची. खाचेच्या तळाशी पितळेचा चुरा होता, दोन-तीन कण, अजून न फुंकलेले.

सगुण त्या कणांकडे बघत राहिला. मग नकळत त्यानं ओठ पुढे केले आणि फुंकर घालायच्या आधी थांबला. ते काम त्याचं नव्हतं.

"जितो?" गोपाळनं उठून उभं राहत विचारलं.

"न्हय, न्हय. मेलो. तूं बस."

त्या दिवशी त्यानं दाराआड एक जुनी नळी घेऊन डाव्या हातानं कानस ओढून पाहिली. झोपेत आपणच काही करत असू, ही शंका माणसाला येतेच. कानस घसरली, बोटाला लागली, खाच वेडीवाकडी झाली. रक्त पुसताना त्याला थोडं हायसं वाटलं, आणि लगेच कळलं की यात हायसं वाटण्यासारखं काही नाही.

४

मालती, त्याची बायको, भीतीबिती न मानणारी. वाड्यावर कुणाच्या अंगात आलं तर ती आधी त्याला पाणी पाजायची. तीच एके दुपारी जेवणानंतर म्हणाली, "कितें घासतात तुमी हें दनपारचें? जरा आड पडपाक दियात."

सगुण तिच्याशेजारीच चटईवर पडला होता. दोन्ही हात छातीवर.

तिनं वळून पाहिलं. त्याचे हात पाहिले. मग दोघंही ऐकत राहिली. बाहेर ऊन पांढरं झालं होतं, फणसाखाली कोंबड्या पसरल्या होत्या, आणि बैठकीच्या खोलीत कुणीतरी कानस ओढत होतं. खस्स. खस्स. खस्स. मग थोडी शांतता. मग फुंकर, चूल पेटवताना घालतात तेवढीच.

परत तीनदा. परत फुंकर.

"उंदीर," मालती म्हणाली.

"हय," सगुण म्हणाला. उंदीर फुंकर घालत नाही हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. पण नवरा-बायकोत काही गोष्टी अशाच मिटवायच्या असतात.

आवाज थांबल्यावर तो उठून गेला. कपाट बंद, किल्ली त्याच्या जानव्याला. काचेवर धूळ होती तशी होती. त्यानं एकेक गोळा काढून बुडाकडून पाहिला. त्या अकराही गोळ्यांवर त्याची स्वतःची खाच होती, उजवीकडे झुकलेली, वर्षानुवर्षांची. आता प्रत्येकीसमोर कडेच्या दुसऱ्या बाजूला एक नवी खाच होती. डावीकडे झुकलेली. खालच्या फळीवर अकरा ठिकाणी पितळेची चिमूटभर पूड पडली होती, रांगोळी टाकल्यासारखी.

सगुण खुर्चीवर बसला. त्याला भीती वाटली, खरीखुरी. पण तिच्याबरोबर दुसरंही काहीतरी वाटलं, आणि त्यानं त्याचे डोळे भरून आले. तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं काम तपासत होतं.

५

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. सगुणनं मात्र तेरा वर्षं एकट्यानं बघितलं आणि एकट्यानंच खाच पाडली. दुसरा माणूस शोधायला हवा होता, शोधला नाही. कारण दुसरा का हवा, हे सांगावं लागलं असतं.

आता कुणीतरी दुसरा झाला होता. मग त्याला प्रश्न पडला, की तो फक्त कपाटातलेच बघतोय का?

सोमवारी तो निघाला. आधी देवळात गेला. तिथे घंटेचा लोलक तुटला तेव्हा पुजाऱ्यानं सगुणच्या खुणेचा गोळा टांगला होता. त्यानं तो हातात धरून उलटा केला. दोन खाचा. मग शेजारच्या म्हाताऱ्याकडे, जो पान-सुपारी अशाच गोळ्यानं कुटायचा. दोन खाचा. म्हापशाला कृष्णनाथच्या दुकानात सोळा गोळे होते. कृष्णनाथ हसून म्हणाला, "सगुणबाब, तुमी हालीं दोन-दोन खुणो करतात? गिरायकांक आवडटा. बरें दिसता."

सोळाही गोळ्यांवर दोन-दोन.

परतीच्या बसमध्ये त्याला हिशेब स्वच्छ कळला. दुसरा माणूस स्वतः बघतो आणि पटलं तरच खाच पाडतो. म्हणजे जिथे दुसरी खाच आहे, तिथे सगुण बरोबर होता. आणि जर कुठे ती नसली, तर.

पाच दिवस तो घरोघर फिरला. लोकांना वाटलं सगुणबाबाला निवडणुकीला उभं राहायचंय. शेवटी एकच गोळा सापडायचा राहिला. तीन वर्षांपूर्वी जयरामनं पाळीहून एकदम आठ आणले होते. त्यातले सात मिळाले.

"आठवो खंय?" त्यानं जयरामला विचारलं.

"तो? तो पद्मावती वयनीक दिलंय," जयराम म्हणाला. "पाळ्याक, खाणीच्या वाटेर तिची चायची टपरी हा मां, ती. आलां कुटूक बरो पडता. तुमची खूण होती, म्हणान दिलंय. कित्या?"

सगुणच्या डोळ्यांपुढे तो शनिवार आला. आठ गोळे, बारा वाजून गेलेले, मालती जेवायला हाका मारत होती. सात त्यानं वजन करून पाहिले होते. आठवा नुसता पाहिला. टोपीवर खळगा दिसला, खाच पाडली.

पद्मावती विठूची बायको.

६

विठू गेला त्या दिवशीही गोळा शेवटचाच होता. टपाल आलं होतं, पद्मावतीचं पत्र, मुलगी झाल्याचं. विठूचे हात तेलाचे म्हणून सगुणनं ते वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता राहिलेल्या एका गोळ्याकडे नजर टाकून म्हणाला, "मेलो. घे." विठूनं हसत हसत खाच पाडली. सगुण दोघांसाठी चहा आणायला गेला. विठूनं गोळा शिकवणीच्या फळीवर बसवायला शेगड्यात, टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, आवळला. स्फोट ऐकू आला तेव्हा चहाचे पेले सगुणच्या हातातच होते.

चौकशीत गोळ्याच्या बुडाचा तुकडा सापडला. त्यावर विठूची खाच होती. खाच ज्याची, जबाबदारी त्याची. सगुणला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी चहा आणायला गेलो होतो. ते खरंच होतं. माणसाला आयुष्यभर पुरेल एवढं खोटं कधीकधी खऱ्याच वाक्यात मावतं. विठूच्या नावावर निष्काळजीपणा लागला. पद्मावती मुलीला घेऊन माहेरी पाळीला गेली. सगुण दर महिन्याला जयरामबरोबर तिला नारळ पाठवायचा. स्वतः एकदाही गेला नव्हता.

आठवा गोळा कुठे आहे ते कळलं त्याच दिवशी सगुण जयरामच्या ट्रकमधून गेला. पाळी जवळ आली तसं सगळं लाल होत गेलं. रस्ता, झाडं, कौलं, वाळत टाकलेले कपडे. इंजिन बंद झाल्यावर त्याला पहिल्यांदा ऐकू आला तो आवाज.

ठक्. ठक्. ठक्.

टपरीत तेरा वर्षांची मुलगी उकिडवी बसून आलं कुटत होती. संजना. विठूचंच कपाळ. तिनं गोळ्याचं टोक मुठीत धरलं होतं आणि सपाट बूड दगडावर आपटत होती. टोपीच दगडावर आपटत होती. ती कडेपेक्षा केसभर आत बसली असेल, आल्याचा चोथा त्या फटीत साचून घट्ट झाला असेल. तीन वर्षं तेवढ्यावर निघाली होती.

"बाय," सगुण म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. "हात तसोच दवर. आपटूं नाका. आतां हळू, आडवो करून, पोत्यार दवर. शाबास. उठ आनी आवयकडे वच."

चुलीपाशी पद्मावती उभी होती. उजव्या हातात चहाची किटली, पदर कमरेला खोचलेला. त्याला ओळखायला तिला एक क्षण लागला.

"सगुणभावजी? तुमी? आनी हें कितें? तुमचीच खूण आसा मरे ताचेर."

सगुण खाली वाकला. हात गुडघ्यांवर, मान कलती. गोळ्याची कडा पूर्ण फिरून पाहिली. एकच खाच होती. उजवीकडे झुकलेली.

टोपीवरचा तो खळगा खाणीच्या मशीनचा ओरखडा होता. हे आता शाळकरी पोराला दिसलं असतं.

"वयनी, सगळ्यांक भायर काड," तो म्हणाला. "हो जितो आसा."

७

रस्त्याच्या पलीकडे, आंब्याखाली, पाच-सहा ड्रायव्हर, जयराम, पद्मावती आणि संजना उभी राहिली. एकाला सायकलवरून पोलीस चौकीवर पाठवलं. टपरी भर बारा वाजता उघडी, रिकामी. चुलीवर चहा उतू जाऊन विस्तवावर फसफसत होता.

"तुमीच म्हणिल्लें मेलो म्हणून," पद्मावती म्हणाली. रागानं नाही, समजून घ्यायला.

सगुणला तेव्हा गप्प बसता आलं असतं. चूक झाली, वय झालं, एवढं म्हणून सुटता आलं असतं. गोळा सापडला होता, पोर वाचली होती. पण जिभेवर तेरा वर्षांचं बसलेलं उठलं.

"विठूकय हांवेंच म्हणिल्लें," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली.

"त्या दिसा ताणें पळयलें ना, वयनी. कित्याक, हांवें म्हणलें मेलो म्हणून. तुजें पत्र आयिल्लें. हांवें शेवटचो गोळो धड पळोवंक ना. चूक म्हजी. चवकशेंत हांव उलयलों ना."

जयराम दुसरीकडे बघू लागला. पद्मावतीनं संजनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"तेरा वर्सां," ती म्हणाली. "म्हजी सासूमाय मरसर म्हणटाली, तुज्या घोवान आपल्याच हातान आपणाक मारलो. ह्या चलयेक शाळेंत चिडयताले. आनी तुमी नारळ धाडटाले."

सगुणनं मान खाली घातली.

मान वर केली तेव्हा त्याला टपरीत कुणीतरी दिसलं.

छपराच्या सावलीत, पोत्यावरच्या गोळ्यापाशी एक माणूस वाकला होता. पाठमोरा. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान कलती. घाईत नव्हता. शिकाऊ माणूस पहिल्या दिवशी बघतो तसा तो बघत होता, अगदी नीट, पहिल्यांदाच. सगुण ओरडणार होता, की कोण रे तो, बाहेर ये. त्याआधी त्यानं आंब्याखालची माणसं मोजली. सगळी होती.

विस्तवावरचा चहा फसफसायचा थांबला. त्या शांततेत सगुण कानात प्राण आणून ऐकत राहिला. कानस वाजली नाही. माणसानं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हात गुडघ्यांवरून न उचलता मान हलवली. नाही.

एक ट्रक मधून गेला. धूळ बसली तेव्हा टपरीत गोळा होता आणि पोतं होतं.

"तुमी कितें पळयतात?" पद्मावतीनं विचारलं. तीही तिकडेच बघत होती. तिनं संजनाला आणखी जवळ ओढलं.

८

दोन दिवसांनी लष्कराची माणसं आली. त्यांनी तो गोळा एका बंद खाणीच्या खड्ड्यात, वाळूच्या पोत्यांखाली फोडला. वीतभर वस्तूचा तो आवाज गावभर गेला आणि टपरीतल्या पालथ्या घातलेल्या पेल्यांवर लाल धूळ बसली. सगुणनं चौकीवर बसून, तेरा वर्षांपूर्वीचं सगळं कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली. त्या कागदाचं पुढे काय होईल ते हवालदारालाही माहीत नव्हतं.

मग दोन शनिवार टेबल मांडलं गेलं नाही. कपाटातूनही आवाज आला नाही. मालती दुपारी पडून राहायची आणि मधेच म्हणायची, "उंदीर गेले दिसतात." त्यात थोडी हुरहूर असायची.

तीस मेला राज्य झालं. तोही शनिवारच. पेडण्याच्या बाजारात पेढे वाटले, लाउडस्पीकर लागला, आणि नळाला पाणी आलं नाही. दहाच्या सुमारास जयरामचा ट्रक दारात थांबला. त्यातून पद्मावती उतरली. तिनं मालतीच्या हातून पाणी घेतलं आणि बाल्कांवात बसली.

"तुमकां माफ केलां म्हणून येवंक ना," ती म्हणाली. "तें जातलें तेन्ना जातलें. लोक अजून गोळे घेवन तुमचे कडेनच येतले. तुमी एकटेच पळयतले तर परत कोणाची तरी चली आलें कुटत बसतली. दुसऱ्यान पळोवंक जाय. म्हाका शिकयात."

सगुणला वाटलं, नको म्हणावं. पण नको म्हणायचा अधिकार त्याच्याकडे उरला नव्हता. त्यानं टेबल मांडलं. हिरवी चादर, तराजू, भिंग, लोहचुंबक. सकाळभर त्यानं तिला कपाटातल्या गोळ्यांवर शिकवलं. आकडे, टोपी, भोकं, वजन. ती कमी बोलत होती आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, "आनी हें तुमकां कशें कळ्ळें?"

जयरामनं सीटखालून नवा गोळा आणला होता. सगुणनं तो सगळ्या बाजूंनी पाहिला, वजन केलं, पुन्हा पाहिला.

"मेलो," तो म्हणाला आणि गोळा तिच्यासमोर ठेवला. "पूण म्हज्या सांगण्यार वचूं नाका."

"वचना," पद्मावती म्हणाली.

तिनं हात गुडघ्यांवर ठेवले. मान कलती केली. हे त्यानं तिला शिकवलं नव्हतं. ती बघत राहिली. बाजारातलं गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं. जयरामनं घड्याळ पाहिलं. सगुण जागचा हलला नाही. तेरा वर्षांपूर्वी एवढा वेळ कुणी दिला असता, तर आज चौथं माणूस इथे बसलं असतं.

"मेलो," शेवटी ती म्हणाली.

कानस सगुणच्या उजव्या हाताशी होती. त्यानं ती उचलून तिच्याकडे सरकवली. किटली उजव्या हातानं धरणाऱ्या, पाण्याचा पेलाही आत्ताच उजव्या हातानं घेतलेल्या पद्मावतीनं डावा हात पुढे केला आणि कानस घेतली, रोजची असावी तशी.

खस्स. खस्स. खस्स.

मग तिनं गोळा ओठांजवळ नेला आणि चुरा फुंकून टाकला.